कटिंग १२०, हेअरकट ६४९

साधा हेअरकट करायला तुम्ही किती मोजता? कलर नाही, स्पा नाही, स्मूदनिंग तर नाहीच नाही. केस वाढलेत, ते कमी करायचेत, बस्स! गेल्या महिन्यात मी हा प्रश्न गंगापूर रोडवर राहणाऱ्या प्रत्येक मित्रमैत्रिणीला विचारत सुटले होते. उत्तरं ऐकून वाटलं, ही सगळी मंडळी एकाच रस्त्यावर राहतात हे खरं नसावं.

बँकेत नोकरी करणारा मित्र म्हणाला, शंभर रुपये. दाढीसकट दीडशे. आयटीवाला म्हणाला, साडेचारशे, पण त्यात हेडवॉश असतो. (हे ‘पण’ त्याने जरा जोरात म्हटलं.) एक मैत्रीण नऊशे देते, टिप वेगळी. तिचा नवरा त्याच सलूनमध्ये, शेजारच्याच खुर्चीत बसतो आणि साडेतीनशे देतो. दोघं जोडीने जातात, जोडीने बिल भरतात, आणि हा फरक आजवर दोघांच्याही लक्षात आला नव्हता. माझ्यामुळे आला. सॉरी, यार!

तुम्ही कधी अशोक स्तंभापासून आनंदवलीपर्यंत फक्त सलूनच्या पाट्या वाचत गेलायत? जरूर जा. केटीएचएम कॉलेजच्या आसपास अजून एखादं ‘केशकर्तनालय’ सापडतं. विद्या विकास सर्कल येईपर्यंत त्याचं ‘मेन्स पार्लर’ होतं, आणि जेहान सर्कल ओलांडलं की ‘स्टुडिओ’ नाहीतर ‘लाउंज’. कारागीर जाऊन स्टायलिस्ट येतो, गिऱ्हाइकाचा गेस्ट होतो. अलीकडे कटिंग करता करता कटिंग चहा मिळतो, पलीकडे ग्रीन टी विचारतात. केस मात्र सगळीकडे केसच. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, रस्ता कुठलाही असो.

आता माझी केस. (हा विनोद मुद्दाम नाही.) माझे केस माझ्या भावापेक्षा आखूड आहेत. मागून मशीन, वरून कात्री, वीस-पंचवीस मिनिटांत मोकळी. आम्ही दोघं एकाच युनिसेक्स सलूनमध्ये जातो, एकाच मुलाकडून केस कापून घेतो. भावाचे होतात २९९, माझे ६४९. एकदा मी काउंटरवरच्या मुलीला विचारलंच.

‘‘मॅम, ते लेडीज हेअरकट आहे ना.’’

‘‘अगं, पण केस तर जेन्ट्स आहेत!’’

ती गोड हसली. कॉम्प्युटरमध्ये तिसरा पर्यायच नव्हता. आखूड केस ठेवायचे तर पाच आठवड्यांनी जावंच लागतं, म्हणजे वर्षातून दहा वेळा. दहा वेळा साडेतीनशेचा फरक, म्हणजे साडेतीन हजार. माझ्यासारख्या फ्रीलान्सरसाठी हे एका लेखाचं मानधन असतं, तेही लेख छापून आल्यावर दोन महिन्यांनी मिळणारं!

सलूनवाल्यांची बाजूही अगदीच लंगडी नाही, बरं का. लांब केसांचा लेअर कट म्हणजे धुणं, भाग पाडणं, कापणं आणि वर ब्लो-ड्राय. खुर्ची तासभर अडते. तेवढ्या वेळात पुरुषांची दोन-तीन डोकी सहज होतात. मान्य! पण मग पैसे वेळेचे लावा ना, बाईपणाचे कशाला? अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९९५ सालीच असा कायदा केला. सेवा सारखी असेल तर फक्त गिऱ्हाईक बाई आहे म्हणून जास्त पैसे घेता येत नाहीत. वेळ, खर्च किंवा कौशल्य जास्त लागत असेल तर खुशाल घ्या. शिवाय केशकर्तनालयांनी, शिंप्यांनी आणि लाँड्रीवाल्यांनी आपले दर गिऱ्हाइकाला दिसतील असे लावायचे. आपल्याकडे दरपत्रक लावतात खरं, पण त्यात डावीकडे ‘हिम’ आणि उजवीकडे ‘हर’!

टॅक्सची गंमत वेगळीच. सलूनच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. मी खूश! पुढच्या खेपेला बिल पाहिलं, तर ५९९ चा हेअरकट ६४९ झालेला. आधी टॅक्ससकट ७०६ रुपये ८२ पैसे व्हायचे, आता ६८१ रुपये ४५ पैसे. १३ टक्क्यांच्या कपातीतले माझ्या पर्समध्ये उरले पंचवीस रुपये. मॅनेजरला छेडलं, तर त्याने शांतपणे हिशेब समजावला. दर उतरवताना सरकारने इनपुट टॅक्स क्रेडिट काढून घेतलं. गाळ्याच्या भाड्यावर, शाम्पू-क्रीमवर भरलेला जीएसटी सलूनला पूर्वी आपल्या टॅक्समधून वळता करता यायचा. आता तो खिशातून जातो, म्हणून मूळ दर वाढला. पटलं. पूर्ण पन्नास रुपयांचं पटलं, असं मात्र नाही.

मग या ६४९ मधले कापणाऱ्या हाताला किती मिळतात? माझा स्टायलिस्ट एकदा खाली चहाच्या टपरीवर भेटला, तेव्हा एरवी मिटलेलं तोंड त्याने उघडलं. ‘‘ताई,’’ (वर मी मॅम असते, टपरीवर ताई!) ‘‘आम्हाला पगार असतो. पगाराच्या काही पट धंदा करून दिला, की इन्सेन्टिव्ह सुरू. नुसते हेअरकट करत बसलो तर टार्गेट कधीच होत नाही.’’ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर वेळी हा मुलगा माझ्या केसांत कोंडा, रुक्षपणा, नाहीतर ‘डॅमेज’ का शोधतो ते कळलं. साधा हेअरकट हा त्यांचा धंदाच नाही, ते दुकानाचं दार आहे. खरा धंदा आत बसवल्यावर सुरू होतो. तेव्हापासून तो ‘‘हेअर स्पा करून टाकू?’’ म्हणाला की मला राग येत नाही. मी नाही म्हणते, पण राग येत नाही.

खरं तर डोक्यामागे पैसे मोजणं हीच आपल्याकडे नवी चाल. गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. घरटी वर्षाचं ठरलेलं धान्य, मग घरात डोकी किती का असेनात. त्यात बायकांची डोकी धरलेली नव्हती. बाईच्या डोक्याला वस्तरा लागायचा तो नवरा गेल्यावर. हे काम आम्ही करणार नाही, असं १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी ठरवलं, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने. हातावर पोट असलेल्या माणसांनी मिळणारा पैसा नाकारला होता. सलूनमधल्या मऊ खुर्चीत बसून मी कधीकधी याचा विचार करते. बाई, न्हावी आणि कात्री यांचं नातं आपल्याकडे कधीच ‘बेसिक’ नव्हतं.

माझं स्वतःचं नातं मात्र झकास सुरू झालं होतं. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एका काकांचं दोन खुर्च्यांचं दुकान आहे. लहानपणी बाबा भावाला आणि मला एकत्रच तिथे न्यायचे. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी, फळीवर मी, मानेभोवती पांढरं कापड, आणि ठरलेला मशरूम कट. तुरटीचा आणि पावडरचा वास अजून आठवतो. अकरावं लागलं, तेव्हा आईने परस्पर माझी बदली पार्लरमध्ये केली. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. भाऊ पुढे बरीच वर्षं तिथेच जात राहिला.

काकांच्या काचेवर आज ‘कटिंग १२०’ लिहिलंय. त्यावर जीएसटी नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. १२० रुपयांच्या कटिंगने २० लाख गाठायचे तर सोमवारची सुट्टी सोडून रोज त्रेपन्न डोकी हवीत! लॉकडाउनमध्ये तीन महिने शटर खाली होतं आणि भाडं चालू होतं. २८ जून २०२० ला महाराष्ट्रात सलून उघडली, पण दाढीला परवानगी नव्हती. ‘‘तेव्हाचं उसनं आत्ता कुठे फिटलं,’’ काका म्हणाले.

हे ते मला कधी म्हणाले? मी त्यांच्या खुर्चीत बसले तेव्हा. सतरा वर्षांनी!

आदल्या दिवशी जाऊन विचारलं होतं. ‘‘काका, कटिंग करायचीय.’’

‘‘कुणाची?’’

‘‘माझी.’’

त्यांनी आधी माझ्या केसांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. ‘‘गिऱ्हाईक काय म्हणतील गं? तू असं कर, दुपारी ये. दोन ते चार कुणी नसतं.’’

दोनला गेले. नवं ब्लेड माझ्यासमोर मोडून वस्तऱ्यात घातलं, कापड झटकलं आणि काम सुरू. कंगव्यावरून कात्री चालवण्यात त्यांचा हात असा, की मशीनची गरजच पडली नाही. मध्येच दार ढकलून एक गृहस्थ आत आले. आरशातून आमची नजरानजर झाली, ‘‘नंतर येतो’’ म्हणत उलट्या पावली बाहेर. काकांची कात्री क्षणभर थांबली, परत सुरू झाली. माझे ५२९ रुपये वाचत होते आणि काकांचे १२० नुकतेच दारातून परत गेले होते.

‘‘काका, तुमचं गिऱ्हाईक गेलं.’’

‘‘येईल संध्याकाळी. मान खाली कर.’’

उठताना मी फोनवरून २४० पाठवायला घेतले, तर त्यांनी काचेकडे बोट दाखवलं. ‘‘काय लिहिलंय तिथे? तेवढेच.’’ मग छोट्या स्पीकरने एकशे वीस रुपये मिळाल्याचं सगळ्या दुकानाला ओरडून सांगितलं.

‘‘बाहेरच्या पाटीवर ‘जेन्ट्स’ आहे, तेवढं पुसून टाका की,’’ मी म्हटलं.

‘‘पेंटर पाचशे मागतो. चार कटिंग गेल्या त्यात,’’ काका केस झाडत म्हणाले. ‘‘तू दुपारी येत जा.’’