मुनीमजींची शाळा

एचआयव्हीबद्दल पुरुषांशी बोलायचं काम भाचीने माझ्या गळ्यात मारलं. ती सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे, म्हणजे रक्त तपासायच्या आधी आणि नंतर माणसाशी नीट बोलायचं, हे तिचं काम. मी लोधीपुऱ्यात राहतो आणि बऱ्हाणपूर शहरात एका पावरलूम कारखान्याचा हिशेब लिहितो. "मामा, बायका येतात. गरोदरपणात त्यांची तपासणी होतेच. पुरुष फिरकत नाहीत, आणि लूमवरचा एकेक माणूस तुम्हाला ओळखतो." माझी पात्रता काय, असं विचारलं तर म्हणे, "तुम्ही पुरुष आहात ना? झालं." इतक्या कमी पात्रतेवर मला आजवर कुणी कुठलंच काम दिलं नव्हतं.

तिने वाचायला एक गठ्ठा दिला. त्यात मुंबईच्या 'मावा'ची माहिती होती. आमच्याकडे मावा म्हटलं की माव्याची जिलेबी. ही मात्र बायकांवरच्या हिंसेविरुद्ध पुरुषांनीच 1993 साली काढलेली संस्था निघाली. 'यारी-दोस्ती' नावाचा कार्यक्रम होता, ब्राझीलच्या तरुणांसाठी बेतलेला आणि मग 'कोरो' आणि पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थांनी मुंबईच्या वस्त्यांत आणलेला. सोबत, पुरुष बाईला किती समान मानतो हे मोजायची पट्टी. 24 वाक्यं, प्रत्येकापुढे सहमत, थोडंफार सहमत किंवा असहमत अशी खूण करायची. 'बाईने कधीकधी मार खाण्यासारखं वागलेलं असतं.' असहमत. 'मुलांना भरवणं, आंघोळ घालणं आईचंच काम.' असहमत. सगळी बरोबर उत्तरं देऊन मी कागद बायकोपुढे ठेवला. तिने चष्मा लावून वाचला आणि शांतपणे विचारलं, "थोरल्याला गोवर निघाला होता, ते तुम्हाला कितव्या दिवशी कळलं?" आंघोळीच्या वाक्यापुढची खूण मी खोडली.

गठ्ठ्यातले बरेच कागद आफ्रिकेचे होते. युगांडातल्या कामातून ॲलिस वेलबर्न यांनी 1995 साली 'स्टेपिंग स्टोन्स' नावाचा एचआयव्हीबद्दलचा अभ्यासक्रम तयार केला. पुरुषांचा गट वेगळा, बायकांचा वेगळा. आपापल्यात मोकळं बोलायचं आणि मग एकमेकांसमोर यायचं. दक्षिण आफ्रिकेत ईस्टर्न केपमधल्या 70 गावांत त्याची चाचणी झाली, 2008 साली निकाल आला. एचआयव्हीच्या नव्या लागणीत ठोस घट दिसली नाही. गुप्तांगावरची नागीण मात्र साधारण एक तृतीयांशाने कमी झाली आणि जोडीदार बाईला होणारी मारहाण कमी झाल्याचं पुरुषांनी सांगितलं. भाचीला म्हटलं, म्हणजे मुख्य गोष्टीत नापासच की! ती म्हणाली, "मामा, मारहाण कमी झाली ही मुख्य गोष्ट नाही? जिला मार खायची भीती आहे ती नवऱ्याला कंडोम वापर म्हणेल का?" माझ्या वहीत मारहाण आणि लागण ही दोन खाती वेगवेगळ्या पानांवर होती.

मग प्रत्यक्ष लूमवर गेलो. चालू लूमच्या खडखडाटात शेजारच्याशीही कानात ओरडूनच बोलावं लागतं. मी बेंबीच्या देठापासून "निरोध" असं ओरडायला आणि लाईट जायला एकच गाठ पडली. सगळे लूम जागच्या जागी थांबले. समोरच्या पानवाल्याने मान बाहेर काढून पाहिलं. पण त्यातूनच कळलं की बोलायची वेळ तीच. लाईट गेली की कारागीर ओट्यावर येऊन बसतात, बिडी पेटते, चहा येतो आणि लाईट येईपर्यंत कुणाला कुठे जायचं नसतं.

पहिल्याच बैठकीत मी हुशारी दाखवली. दक्षिण आफ्रिका, केनिया, युगांडा इथल्या चाचण्यांत सुंता केलेल्या पुरुषांना लागणीचा धोका साधारण 60 टक्क्यांनी कमी आढळला, असं वाचून दाखवलं. "मुनीमजी, ये तो हमारा बचपन में ही हो गया," एक मोमीन चाचा खूश होऊन म्हणाले. बीम भरणारा पाटील हिरमुसला, "मग आमचं काय?" मी कागद उलटसुलट केला आणि भाचीला फोन लावला. तिने आधी मला झापलं, मग समजावलं. हे संरक्षण अर्धवट, तेही बाईकडून पुरुषाला होणाऱ्या लागणीपुरतं. बायकोला त्याने थेट कवच मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली ही शिफारस केली ती लागण फार पसरलेल्या देशांसाठी. कंडोम सगळ्यांनाच लागणार. एरवी ज्या 100 जणांना लागण झाली असती, त्यातल्या 40 जणांना ती तरीही होणारच, हा हिशेब मात्र मला ओट्यावर मांडता आला. चाचांचं हसू मावळलं, पाटीलचं थोडं परतलं.

खरी गोम पुढे कळली. रक्त तपासलंय का, असं विचारलं की दोघं-तिघं ठामपणे हो म्हणायचे. कुठे, कधी? "बायकोचं केलं होतं ना, मुन्नीच्या वेळी. काही निघालं नाही." बायकोचा कागद हे आपलंच प्रमाणपत्र धरून बसलेली ही मंडळी! भाचीला याचं काडीचंही नवल वाटलं नाही. आफ्रिकेतही पुरुष असंच समजतात, उशिरा तपासतात, उशिरा उपचाराला लागतात. नवरा-बायकोपैकी एकाला लागण असून दुसऱ्याला नसणं अगदी शक्य आहे. तेव्हा ज्याचं त्यानेच तपासायचं.

हे दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतः तपासणी केंद्रात जाऊन आलो. या वयात कशाला, असं ओठांवर आलं होतं. तिथल्या बाईंनी ते न विचारताच ओळखलं. आधी माहिती, मग संमती, मग हातातून थोडंसं रक्त. पहिल्या किटवर काही दिसलं तर आणखी दोन वेगळ्या किटवर पाहतात, मगच पॉझिटिव्ह म्हणतात. जोखीम नुकतीच घडली असेल तर निगेटिव्हवर विसंबायचं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा यायचं. एचआयव्हीचं औषध 2004 पासून सरकारी केंद्रात फुकट मिळतं. गोळी नियमित घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की संबंधातून लागण होत नाही. सगळं ऐकून बाहेर पडलो तेव्हा ओळखीच्या रिक्षावाल्याने "काय मुनीमजी, इकडे?" विचारलं आणि मी "शुगर" म्हणालो.

ओट्यावर यातलं शुगरसकट सगळं सांगितलं. लोक हसले आणि प्रश्न सुरू झाले. पाटीलने विचारलं, "सेठला कळेल का?" मी छाती काढून एचआयव्हीचा कायदा सांगितला. 2017 चा, 2018 पासून लागू; संमतीशिवाय तपासणी नाही, परवानगीशिवाय अहवाल कुणाला सांगायचा नाही, त्यावरून नोकरीवरून काढता येत नाही. पाटील खाली बघत म्हणाला, "सेठला नाही कळणार. पण हप्ता तुम्हीच लिहिता ना, मुनीमजी?"

तेव्हा आता असं ठरलंय. आमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असते आणि दवाखाना उघडा असतो. ज्याला जायचं त्याने सकाळी भाचीकडे परस्पर जायचं. नावांची यादी माझ्याकडे नाही. गेलेल्यांना काही विचारायचं नाही आणि शुक्रवारी त्या रस्त्याला फिरकायचंही नाही, असं तिने मला बजावलंय. लाईट गेली की ओट्यावर मात्र मी असतो.