नटलेले अक्षर, झाकलेले अक्षर

‘बुक ऑफ केल्स’ ह्या आयरिश शुभवर्तमान-पोथीची छायाचित्रे पदव्युत्तर वर्गात दाखविली की विद्यार्थी प्रथम हरखतात आणि मग विचारतात, “पण हे वाचायचे कसे?” प्रश्न रास्त आहे. इ. स. ८०० च्या सुमारास वासराच्या कमावलेल्या कातड्यावर लिहिलेल्या ह्या पोथीत एका पानावर ख्रिस्तनामाची आद्याक्षरे वेलबुट्टीत इतकी गुंतली आहेत, की शब्द हरवतो; मांजरे, उंदीर आणि मासा धरलेले पाणमांजर तेवढे स्पष्ट दिसतात.

नागभीडच्या परिसरात, धानाच्या कोठीशेजारच्या देव्हाऱ्यात पाहिलेली महानुभाव पोथी ह्याच्या अगदी उलट टोकाची. कापडी वेष्टन सोडण्यापूर्वी घरच्या आजींनी तिला दंडवत घातला. आत नक्षी नव्हती. अक्षरे ओळखीची, जुळवू जाता शब्द मात्र होईना. ती सकळ लिपी होती. चौदाव्या शतकात रवळोव्यासांनी योजिल्याचे मानल्या जाणाऱ्या ह्या लिपीत एका वर्णाच्या जागी दुसरा येतो. १९१० मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी तिचा उलगडा केला. तोवर पंथाबाहेरील अभ्यासकांना हे वाङ्मय जवळजवळ बंदच होते.

ह्या गुप्ततेमागे केवळ धाडींचे भय होते, हे प्रचलित स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. भय आयर्लंडच्या भिक्षूंनाही होतेच. ८०६ मध्ये व्हायकिंगांनी आयोना बेटावरील मठात ६८ जणांना मारले. १००७ मध्ये केल्सहून थोर शुभवर्तमान चोरीस गेले व सोन्याचा साज ओरबाडलेल्या स्थितीत मातीखाली पुरलेले सापडले. तरी अक्षर झाकावे असे त्यांना वाटले नाही. त्यांचे पान वेदीवरून दिसण्यासाठी होते. महानुभावांचे अक्षर गुरुमुखातून यावे, अनधिकाऱ्याच्या नजरेस पडू नये, अशी धारणा असावी. म्हाइंभटांचे मूळ ‘लीळाचरित्र’ धाडीत हरपले आणि स्मरणातून पुन्हा सिद्ध झाले, असे पंथपरंपरा सांगते. जिथे ग्रंथ असा मुखात नांदतो, तिथे पोथीने बोलके असण्याची निकड उरत नाही.

डॉ. वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या ‘लीळाचरित्रा’सारख्या संपादनांचे ऋण मोठे आहे. परंतु पाठ बाळबोधीत उतरला की झाकण्याची ती क्रिया पुसली जाते, आणि आमचे विद्यार्थी तिच्याविना तो ग्रंथ वाचतात. पाठभेदांच्या तक्त्यात कागद, शाई, लेखकाचा हात, वर्ण बदलताना झालेल्या चुका ह्यांना एखादा रकाना का नसावा?

आजींना ती पोथी वाचता येत नव्हती. दंडवत मात्र रोजचा. केल्सचा सामान्य भाविकही ह्याहून फार वेगळा नसावा. पोथीची शेवटची पाने वाळवीने नेली आहेत. पुष्पिका त्यांतच गेली, त्यामुळे लेखनकाल आणि लेखकाचे नाव दोन्ही उरलेले नाही.