पूर्वकथा आणि पहिले वाचन

ज्या चित्रपटाविषयी मी लिहिणार आहे तो मी चुकीच्या वेळी पाहिला, आणि ती चूक आता दुरुस्त होण्यासारखी नाही. एखाद्या संहितेचे दुसरे, तिसरे, दहावे वाचन कधीही करता येते. पहिले वाचन मात्र एकदाच घडते. ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याविषयी सैद्धान्तिक विचार करावा असे मला अनेक वर्षे वाटले नव्हते. उलट, पहिल्या वाचनाला फारसे महत्त्व नाही असेच मी मानत आले होते आणि प्रबंधातही तसे लिहून बसले होते.

'बॅबिलॉन ५' ही अमेरिकन विज्ञानमालिका १९९३ मध्ये 'द गॅदरिंग' या प्रारंभिक चित्रपटाने सुरू झाली आणि १९९४ ते १९९८ या काळात तिचे ११० भाग प्रसारित झाले. त्यांपैकी ९२ भाग जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की या एकाच लेखकाने लिहिले. दूरचित्रवाणीच्या व्यवसायात ही असाधारण बाब होय. शिवाय मालिकेचा आरंभ, मध्य आणि शेवट स्थूलमानाने आधी योजलेला होता. चौथे पर्व संपल्यावर मालिका टीएनटी या वाहिनीकडे गेली, आणि पाचव्या पर्वाच्या आधी, ४ जानेवारी १९९८ रोजी, त्या वाहिनीने 'इन द बिगिनिंग' हा दूरचित्रपट दाखवला. त्यातील कथा मालिकेच्या आरंभाच्या दशकभर आधीची आहे. नव्या वाहिनीच्या नव्या प्रेक्षकाला आत येण्यासाठी दार हवे होते, ही त्यामागची व्यावहारिक निकड. म्हणजे प्रस्तावनेची जी गत तीच या चित्रपटाची : लिहायची सर्वांत शेवटी आणि बांधायची सर्वांत पुढे.

मी त्याच दाराने आत गेले. २००६ साली, प्रबंधाच्या अखेरच्या प्रकरणात अडकलेली असताना, परदेशातून आलेल्या एका नातेवाइकाने 'द गॅदरिंग' आणि 'इन द बिगिनिंग' हे दोन चित्रपट एकत्र असलेली चकती मला दिली. मालिका माझ्याजवळ नव्हती. दोहोंपैकी कोणता आधी पाहावा याचा निर्णय मी शीर्षकावरून केला. 'आरंभी' असे ज्याचे नाव आहे त्याच्यापासून आरंभ करावा, यात मला काहीच गैर दिसले नाही.

कथा थोडक्यात अशी. इ.स. २२४५ मध्ये पृथ्वीवरील माणसांची नौका मिनबारी या कितीतरी प्रगत जमातीच्या नौकांना प्रथमच सामोरी जाते. मिनबारी रिवाजाप्रमाणे आपल्या तोफांची दारे उघडी ठेवून जवळ येतात; त्यांच्या लेखी ती आदराची खूण. माणसे तीच खूण हल्ल्याची तयारी म्हणून वाचतात आणि गोळीबार करतात. मिनबारींचा नेता डुखाट मारला जातो. त्यांच्या करड्या मंडळात युद्धाच्या प्रश्नावर मते समसमान विभागली जातात, आणि डुखाटचे प्रेत मांडीवर घेऊन बसलेली त्याची शिष्या डेलेन निर्णायक मत देते : दया नको. तीन वर्षांत मानवजात संपण्याच्या काठावर येते. शेवटच्या लढाईत पृथ्वीभोवती २०,००० जण उभे राहतात, त्यांतील जेमतेम २०० वाचतात. आणि विजय हाताशी आला असताना मिनबारी अचानक शरणागती पत्करतात. संकेतव्यवस्थांमधील तफावतीतून महायुद्ध कसे उद्भवते, याचे इतके सुबोध उदाहरण वर्गात दुसरे देता येणार नाही. मी ते पुष्कळदा दिलेही आहे. पण या लेखाचा विषय तो नव्हे.

मालिका मी पुढे दोन वर्षांनी पाहिली. पहिल्या पर्वाचा कणा असलेले कोडे, मिनबारी शरण का आले आणि स्थानकाचा प्रमुख सिंक्लेअर याच्या स्मृतीतून त्या लढाईतले चोवीस तास का पुसले गेले, हे मला आधीच सुटलेल्या स्थितीत मिळाले होते. त्याची मला फारशी खंत नाही. कोडी सुटण्यासाठीच असतात. याचे उत्तर तर दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात, नोव्हेंबर १९९४ मध्ये, देऊन टाकले आहे. नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. सिंक्लेअरची भूमिका करणारे मायकेल ओ'हेअर या चित्रपटासाठी परतले नव्हते; त्यांची दृश्ये मालिकेतून उचलून चित्रपटात जोडली आहेत. पहिल्या पर्वातील स्मृतिदृश्यांचा भाग मी पाहू लागले तेव्हा तीच चौकट, तोच चेहरा, टोपडे मागे सरताच दिसणारी तीच डेलेन. आणि माझ्या मनात आले, हे तर अवतरण आहे. वास्तविक मूळ हेच होते, १९९४ चे. अवतरण मी आधी पाहिले होते. मूळ आणि अवतरण यांचा संबंध प्रेक्षकाच्या क्रमावर किती अवलंबून असतो हे मी सिद्धान्त म्हणून जाणत होते. डोळ्यांना असा ठसका मात्र प्रथमच लागला.

खरे नुकसान डेलेनच्या बाबतीत झाले. मालिकेत ती मिनबारींची राजदूत आहे : मृदुभाषी, धीराची, इतरांच्या दुःखापाशी थांबणारी. १९९४ पासून क्रमाने पाहणाऱ्या प्रेक्षकाने तिच्यावर तीन वर्षे माया केली. युद्धाचे निर्णायक मत तिचे होते हे त्याला कळले ते चौथ्या पर्वात, 'अटोनमेंट' या फेब्रुवारी १९९७ मधील भागात. त्या प्रेक्षकाला मागे वळून तिची प्रत्येक कृती नव्याने वाचावी लागली, आणि त्या फेरवाचनात त्याची स्वतःची मायाही तपासावी लागली. ज्या व्यक्तीवर आपण जीव लावला तिने आपल्याच जातीचा संहार करवला होता, हे ज्ञान घेऊन काय करायचे? मालिकेचा नैतिक भार मला वाटते इथे आहे. मला मात्र पहिल्या भागापासूनच ते ठाऊक होते. तिच्या हसण्यात मला प्रायश्चित्त दिसे, तिच्या मौनात अपराध दिसे. माझे वाचन कदाचित अधिक सखोल होते, अधिक 'समीक्षकी' तर नक्कीच होते. क्रमाने पाहणारे तिचे नातलग झाले होते. मी तिची न्यायाधीश झाले. नातलगाला नंतर न्यायाधीश व्हावे लागते, आणि ते होताना तो फाटतो. न्यायाधीशाला पुढे नातलग होता येत नाही.

(डेलेनची भूमिका करणाऱ्या मीरा फुरलान मूळच्या झाग्रेबच्या. युगोस्लाव्हिया फुटत असताना त्या झाग्रेब आणि बेलग्रेड या दोन्ही शहरांत काम करत होत्या, म्हणून देशद्रोही ठरल्या आणि १९९१ मध्ये देश सोडून अमेरिकेला गेल्या. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. युद्धाला मत देणाऱ्या स्त्रीचा तो चेहरा कोणाचा आहे हे कळल्यावर ते दृश्य मला पुन्हा पाहवले नाही. हेही आगाऊ ज्ञानच, पण याने मला न्यायासनावरून खाली उतरवले.)

माझ्या प्रबंधातील प्रतिपादन असे होते की 'पुढे काय' हे कुतूहल हा आस्वादाचा कनिष्ठ स्तर होय. शेवट ठाऊक असलेला वाचकच घाटाकडे पाहू शकतो. आधाराला मी अर्थातच महाभारत घेतले होते. आदिपर्वाच्या पहिल्याच अध्यायात धृतराष्ट्र संजयापाशी विलाप करताना सगळ्या घटना सांगून टाकतो. वैशंपायनही जनमेजयाला आधी सार सांगतो आणि मग विस्तार. आपल्या परंपरेला रहस्यभेदाचे भय नाही, असे मी मोठ्या तोऱ्याने लिहिले होते. त्यात एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली. जनमेजय हा अर्जुनाचा पणतू आहे. तो कथेत शिरण्याआधीच त्या कुळात जन्मलेला आहे. सार ऐकून तो न्यायाधीश होऊ शकत नाही, कारण मेलेले आणि मारणारे दोघेही त्याचेच. त्याच्यासाठी सार हे सार नव्हे, आठवण आहे. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याचेही तेच. ज्याचे कथेशी आधीपासून नाते आहे त्याला आगाऊ ज्ञान बाधत नाही. ज्याला ते नाते वाचता वाचताच जोडायचे आहे त्याची स्थिती वेगळी.

चित्रपटाच्या लेखकाला हे ठाऊक असावे अशी शंका मला त्याच्या निवेदकामुळे येते. ही कथा सांगतो लोंडो मोलारी, सेंटॉरी साम्राज्याचा म्हातारा सम्राट, २२७८ मध्ये. राजधानी जळते आहे, आणि दरबारात खेळायला आलेल्या दोन मुलांना तो युद्धाची गोष्ट सांगतो. गोष्टीत तो स्वतःचा अपराधही सांगून टाकतो : युद्ध थांबवण्यासाठी ठरलेली गुप्त भेट शस्त्रास्त्रांचा सौदा आहे असे समजून त्याने तिच्यावर हल्ला करवला, आणि शांततेसाठी आलेला मिनबारी त्यात मेला. असली कबुली मुलांपुढे का? माझे पहिले उत्तर ठरीव होते : निरागस श्रोता, अपराधी वक्ता, उपरोध. आज वाटते की मुले या कथेची कोणीच लागत नाहीत, म्हणूनच ती निवडली आहेत. ती न्याय देऊ शकत नाहीत, क्षमाही करू शकत नाहीत. ती फक्त ऐकतात आणि पुढे काय झाले ते विचारतात. एडवर्ड सैद यांनी 'बिगिनिंग्ज' (१९७५) या ग्रंथात मूळ आणि आरंभ यांत भेद केला आहे; मूळ सापडते, आरंभ निवडावा लागतो. चित्रपटाचे शीर्षक मुळाचा दावा करते, पण आरंभ निवडला आहे तो लोंडोने, आणि त्याच्या हाती पेला आहे.

गेल्या काही वर्षांत वर्गात एक कादंबरी शिकवताना पहिल्याच तासाला मी नायिकेचा मृत्यू सांगून टाकला. नेहमीच सांगते, प्रश्नपत्रिकेत तोच येतो. प्रस्तावना आधी, कथानकाचा गोषवारा आधी, मग वेळ उरला तर पुस्तक, अशी आपल्या विभागांची रीत आहे आणि तिला मी अपवाद नव्हते. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही आम्हाला ते पुस्तक वाचूच दिलं नाहीत." मी तिला माझ्या प्रबंधातील युक्तिवाद ऐकवला. तिने तो नम्रपणे ऐकून घेतला. त्या रात्री मी डेलेनचा विचार करत बराच वेळ जागी होते. त्यानंतर मी शेवट सांगणे बंद केले आहे; परीक्षेच्या दृष्टीने याचे परिणाम फारसे चांगले नाहीत.

याच विद्यार्थिनीने पुढे माझ्याकडून सगळा संच नेला. कोठून सुरू करू, असे तिने विचारले. पहिल्या पर्वापासून, मी म्हटले, आणि ती पूर्वकथा चौथे पर्व संपेपर्यंत पाहू नकोस. तिने मान डोलावली. आठवड्याने दारात उभी राहून तिने विचारले, "मॅडम, तो म्हातारा सम्राट गोष्ट सांगताना एवढा पितो का?"

याचे उत्तर मालिकेत, १९९६ मधील एका भागात आहे. त्याच्या खांद्यावर त्याच्यावर पहारा ठेवणारा एक जीव बसवलेला आहे आणि तो केवळ मद्याने झोपतो. म्हणजे ती सारी गोष्ट त्या झोपेच्या मुदतीत उरकायची आहे. मी तिला ते सांगितले नाही. खुर्ची पुढे ओढली आणि मुले त्याला काय विचारतात ते तुला आठवते का, एवढेच म्हटले.