आपत्काळाची बेगमी आणि रुचीचा प्रश्न

पूर, भूकंप, वादळ अथवा दरड यांपैकी कोणतीही आपत्ती ओढवली असता घरात निदान तीन दिवस पुरेल एवढे, चूल न पेटवता खाता येईल असे अन्न असावे, हा सल्ला आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. परंतु ते अन्न चवीला कसे असावे, हा प्रश्न निघाला की शहाणीसुरती माणसेही तो गौण मानून बाजूला सारतात आणि भूक लागल्यावर माणूस काहीही खातो, असे सांगून मोकळी होतात. अन्नतंत्रज्ञ म्हणून माझ्या आयुष्याचा मोठा भाग निर्जलित आणि तयार अन्नपदार्थांच्या चाखणीत गेला आहे, आणि त्या अनुभवाच्या बळावर हे मत मी निःसंशय चुकीचे मानते. भय, जागरण, शोक आणि अनिश्चितता यांनी ग्रासलेल्या माणसाची भूक प्रथम मंदावते. अशा वेळी समोरचे अन्न अनोळखी किंवा बेचव असेल, तर तो दोन घास खाऊन पाकीट बाजूला ठेवतो, आणि ज्या उष्मांकांचा हिशेब कागदोपत्री चोख मांडलेला असतो, ते उष्मांक त्या पाकिटातच राहतात.

या प्रश्नाचा विचार लष्करांना मोठ्या कसोशीने करावा लागला. आज बिस्किटापासून श्रीखंडापर्यंत कोणत्याही पदार्थाच्या चाखणीत 'अत्यंत नावडले' येथून आरंभ होऊन 'अत्यंत आवडले' येथे संपणारी जी नऊ पायऱ्यांची श्रेणी वापरली जाते, ती शिकागो येथील अमेरिकन सैन्याच्या क्वार्टरमास्टर फूड अँड कंटेनर इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड पेरियम आणि त्यांचे सहकारी यांनी महायुद्धोत्तर काळात सिद्ध केली. त्याच सैन्याने १९८१ पासून पाकीटबंद तयार जेवण सुरू केले, तेव्हा सुरुवातीला बाराच प्रकार होते; सैनिक गरजेपेक्षा कमी खातात, असे ध्यानात आल्यावर पुढे ते वाढवत चोवीसपर्यंत नेण्यात आले. आपल्याकडे म्हैसूरला १९६१ साली स्थापन झालेल्या डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरीने पुलाव, उपमा, हलवा यांची निर्जलित मिश्रणे आणि महिनोन्‌महिने टिकणारी चपाती तयार केली, त्यामागेही हिमालयाच्या थंडीत उभ्या असलेल्या शिपायाला घरचा घास मिळावा, हीच दृष्टी होती. शिबंदीच्या पोटाची तजवीज हा राज्यकारभाराचा भाग असतो, हे आपल्या पूर्वजांनाही पुरते ठाऊक होते, याची साक्ष पन्हाळ्यावरील अंबरखान्याची गंगा, यमुना आणि सरस्वती ही भक्कम कोठारे अद्यापि देत आहेत.

मात्र लष्कराचे अन्न आणि पूरग्रस्ताचे अन्न यांत एक महत्त्वाचा भेद आहे. शिपाई तरणाबांड, निरोगी आणि शिस्तीला बांधलेला असतो. उलट पुरात अडकलेल्या घरात दात नसलेली आजी असते, तापाने फणफणलेले मूल असते, मधुमेही गृहस्थ असतात आणि कांदा-लसूण वर्ज्य असलेली सासूबाईही असते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आणि पंचगंगा यांच्या पाण्याने शिरोळ तालुक्याला वेढा घातला, त्यानंतर तेथील एका शाळेत उघडलेल्या मदत-छावणीत मी काही काळ होते. वर्गाच्या एका भिंतीला गोड बिस्किटांच्या पुड्यांची रास छतापर्यंत गेलेली, दुसऱ्या कोपऱ्यात कोणा दात्याने पाठवलेली राजमा-भाताची तयार पाकिटे, त्यांतली बरीचशी अर्धवट खाऊन दुमडून ठेवलेली. नदीकाठच्या एका गावातून नावेने आणलेली एक वृद्धा माझ्या हातातला पुडा परत सारून म्हणाली, "बाई, ह्ये ग्वाड किती खायचं? वाईच तिखट असंल तर बघ की." तिला नुसते दूध किंवा केळेही नको होते. तिला जिभेवर काहीतरी झणझणीत हवे होते, ज्याच्या आधाराने कोरडा घास घशाखाली उतरेल. सामानात शोधता शोधता शेंगदाण्याच्या चटणीची एक पिशवी आणि सोलापूरकडून आलेल्या कडक भाकरींचा गठ्ठा सापडला. भाकरी हाताने चुरून, त्यावर चटणी आणि पाकिटातली आमटी घालून ती जेवली, आणि तिच्या शेजारच्या दोघी-तिघींनीही तसेच कालवून घेतले.

त्या जेवणात अन्नशास्त्राचे जे तत्त्व होते, ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. आपण बाजारात रिटॉर्ट पाउच म्हणून जी चपटी पाकिटे पाहतो, त्यांत बाहेरून पॉलिएस्टर, मध्ये ॲल्युमिनियमचा वर्ख आणि आतून पॉलिप्रॉपिलीन असे थर असतात. भरून सीलबंद केल्यावर ती दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस तापमानात निर्जंतुक केली जातात, आणि पाकीट चपटे असल्यामुळे मध्यापर्यंत उष्णता लवकर पोहोचते, म्हणून डब्यातल्या अन्नाच्या मानाने ते कमी शिजून गळते. आमटी, छोले, राजमा, रस्सा यांना ही प्रक्रिया मानवते. भाताचे तसे नाही. शिजलेल्या भातातील स्टार्च थंड होता होता पुन्हा घट्ट बांधला जातो. ते पाकीट उकळत्या पाण्यात ठेवून गरम केले, तर भात पूर्ववत मऊ होतो, परंतु इंधन नसेल तर तोच भात दाणेदार, कोरडा आणि घशात अडकणारा लागतो. पनीरचे तुकडे चिवट होतात. वनस्पती तूप घातलेला पदार्थ थंड खाल्ला, तर टाळूला मेणचट थर बसतो, कारण त्या तुपाचा वितळण्याचा बिंदू शरीराच्या तापमानाच्या आसपास ठेवलेला असतो. उलटपक्षी कडक भाकरी इतकी कोरडी असते, की तिच्यातील स्टार्चला शिळे होण्यास लागणारे पाणीच मिळत नाही. आमटी ओतली की ती थंड असूनही लगोलग मुरते. म्हणून माझा आग्रह असा, की तयार अन्नाची निवड दुकानातल्या फळीवरील चित्रावरून किंवा गरम करून चाखलेल्या घासावरून न करता, पाकीट फोडून, जसे आहे तसे, थंडच खाऊन करावी; थंड अन्नात गोडी कमी जाणवते, सुगंध दबतो आणि मिठाचा अंमल जिभेवर राहतो, हे त्या वेळीच कळते.

निर्जलित पदार्थांची परीक्षा याहून कडक हवी, कारण त्यांना लागणारे पाणी त्याच पिण्याच्या साठ्यातून खर्ची पडते. आपत्तीत पिण्यासाठी आणि अन्नासाठी मिळून माणशी दिवसाला निदान अडीच ते तीन लिटर पाणी धरतात; त्यातून वाटीभर उपम्यासाठी उकळते पाणी मागणारे मिश्रण चुलीवाचून निरुपयोगीच ठरते. गरम हवेने वाळवलेले गाजर किंवा वाटाणा आकसून त्याची साल कठीण होते आणि थंड पाण्यात तो तासभर राहूनही चामट लागतो. गोठवून, निर्वातात बर्फाची थेट वाफ करून वाळवलेल्या भाजीत बर्फाच्या जागी सूक्ष्म पोकळ्या शिल्लक राहतात, म्हणून ती पाणी झटकन पिते आणि तिची मूळ चवही पुष्कळ अंशी टिकते. मात्र ती महाग असते, आणि पाकीट एकदा उघडले की आपल्या पावसाळी हवेत बघता बघता सादळते. वाळवलेल्या कांद्याविषयी एक बारकावा येथे नोंदवते: कांद्याचा तिखट दरवळ त्यातील एका विकरामुळे पाणी लागल्यानंतर उत्पन्न होतो आणि उकळत्या पाण्यात ते विकर तत्काळ नष्ट होते, यास्तव वाळका कांदा आधी थोड्या थंड पाण्यात भिजवून मग पदार्थात घातला, तर चवीत स्पष्ट फरक पडतो. पोहे या सर्वांत मला श्रेष्ठ वाटतात. भात भिजवून, भाजून, कांडून पोहे होतात, तेव्हा त्यांतील स्टार्च आधीच शिजलेला असतो, म्हणून थंड पाण्याचा एक शिपका आणि काही मिनिटांचा धीर एवढ्यावर ते खाण्याजोगे होतात. त्यांत मेतकूट, मीठ आणि आमसुलाची पूड कालवली, की चुलीवाचून जेवण सिद्ध झाले. मेतकूट आणि सातूचे पीठ यांचेही तसेच आहे. डाळी आणि धान्ये भाजताना जो खमंगपणा येतो तो तेथेच मुरून राहतो, आणि नंतर शिजवण्याची अपेक्षा उरत नाही.

चिवडा आणि फरसाण यांच्यावर मात्र बेगमी उभारू नये. त्यांत तेल पृष्ठभागावर पसरलेले असते, ते हवेशी लगेच संयोग पावून खवट होते. शिवाय मीठ जास्त असल्याने तहान वाढते. हाच खवटपणा चटण्यांच्या निवडीतही निर्णायक ठरतो. जवसाची चटणी चवीला उत्तम, परंतु जवसाच्या तेलातील मेदाम्ले हवेतील प्राणवायूपुढे फार दुबळी, आणि दाणा कुटला की ती उघडी पडतात. म्हणून तिचा साठा दीर्घकाळासाठी करू नये. कारळ्याची चटणी त्यापेक्षा बरी. तिळात सेसमॉलसारखी तेलाचे रक्षण करणारी द्रव्ये उपजतच असतात, त्यामुळे तिळाची चटणी कोरड्या, घट्ट पाकिटात पुष्कळ टिकते. शेंगदाणा कुटण्याऐवजी सालासकट भाजलेला अख्खा ठेवावा, किंवा गुळाच्या पाकात गुंतवून त्याची चिक्की करावी. ग्रॅमामागे सुमारे पाच उष्मांक देणारी चिक्की तीनचार वड्यांत पुष्कळ काम करते, जरी दात नसलेल्यांसाठी तिच्याऐवजी राजगिऱ्याचा लाडू किंवा खजूर ठेवावा लागतो. आंतरराष्ट्रीय मदतकार्यात माणशी दिवसाला २,१०० उष्मांकांचा आरंभिक अंदाज धरला जातो. तो आकडा ध्यानात ठेवावा, परंतु आकड्याची भर केवळ गोडावर करू नये, कारण गोडाचा वीट सर्वांत लवकर येतो.

साठवणुकीची जागा चवीवर किती परिणाम करते, याची कल्पना फार थोड्यांना असते. तापमान दहा अंशांनी वाढले, की अन्नाचा रंग, वास आणि चव बिघडवणाऱ्या बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग ढोबळ मानाने दुप्पट होतो. पाकिटावर छापलेली मुदत ज्या थंड, कोरड्या जागेला उद्देशून असते, ती जागा पत्र्याखालचा पोटमाळा नव्हे. दुसरीकडे, पूर येणाऱ्या गावात तळमजल्यावरची कोठी हीही चुकीचीच. वरच्या मजल्यावर, भिंतीपासून थोडी दूर, झाकण घट्ट बसणाऱ्या लोखंडी पेटीत किंवा डब्यात बेगमी ठेवावी. मृगाआधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा पेटी उघडावी, जुने पाकीट जेवणात संपवून त्याजागी नवे ठेवावे, आणि संपवताना ते घरात कोणाला रुचले, कोणी ताटात टाकले, याची नोंद वहीत करावी. फुगलेले किंवा गळणारे पाकीट उघडू नये आणि खराब झाले का, हे पाहण्यासाठी कदापि चाखू नये. बोटुलिनमचे विष चवीने किंवा वासाने ओळखता येतेच असे नाही. पुराच्या पाण्यात बुडालेली कागदी व प्लास्टिकची साधी पाकिटे टाकून द्यावीत. अभंग रिटॉर्ट पाउच मात्र स्वच्छ धुऊन, क्लोरीनच्या पाण्यात बुडवून, कोरडे करून वापरता येतात.

घरोघरच्या या तजविजीइतकाच मला सार्वजनिक मदतीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. मदतीच्या पाकिटात तांदूळ, डाळ, बिस्किटे, दूधभुकटी यांचे वजन ठरवले जाते. तोंडी लावण्याला मात्र बहुधा जागाच नसते, कारण पोषणाच्या तक्त्यात त्याचा हिस्सा नगण्य दिसतो. प्रत्यक्षात तेच बाकीचे अन्न पोटात पोहोचवते. आंबटाने तोंडाला पाणी सुटते, तिखटाने मंद झालेली भूक चाळवते, आणि परिचित वासाने माणूस आपल्या घरच्या ताटाशी क्षणभर तरी जोडला जातो. जिल्हा प्रशासनाने पावसाळ्यापूर्वी मदत-सामानाचे जे दरपत्रक मागवायचे, त्यातच त्या त्या प्रदेशाच्या तोंडी लावण्याचा नमुना निश्चित करावा: कोल्हापूर-सांगलीकडे शेंगदाण्याची किंवा तिळाची तिखट चटणी, कोकणात आमसूल आणि कैरीचे लोणचे, मराठवाड्यात कारळ्याची चटणी, आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी मेतकूट. पुडी वीस ग्रॅमहून मोठी नसावी, म्हणजे एकदा उघडल्यावर ती एका जेवणात संपेल आणि सादळणार नाही; तिला वर्खाचा थर असावा, भरल्याची तारीख मराठीत ठळक छापलेली असावी, आणि खरेदीचा ठराव होण्याआधी ती चटणी थंड आमटी-भाकरीबरोबर त्याच गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना चाखायला देऊन, नऊ पायऱ्यांच्या त्या श्रेणीवर त्यांचा कौल घ्यावा.