तिकीट आणि खुर्ची

‘एकनिष्ठ’ हे विशेषण आपण माणसांना लावतो, वस्तूंना सहसा लावत नाही. वास्तविक आपल्या घरांतल्या कितीतरी जुन्या वस्तू एकनिष्ठ असतात. अडकित्ता सुपारीशिवाय दुसरे काही कातरीत नाही; पायली धान्य मोजते आणि उरलेला वेळ कोपऱ्यात गप्प बसते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत सगळ्यांच्या हाती आलेला मोबाइल मात्र या कुळातला नव्हे. तो पत्र आहे, वर्तमानपत्र आहे, रेडिओ, कॅमेरा, पैशांचे पाकीट आणि नोटीसबोर्डही आहे. त्यामुळे त्यातल्या कोणत्याच कामात आपण पुरते नसतो. अशा काळात एकच काम करणारे यंत्र कोणी नव्याने बाजारात आणले, तर आपल्यासारख्या पुस्तकी माणसांना त्याच्याविषयी आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे. या आपुलकीची किंमत किती द्यावी, एवढाच या टिपणाचा प्रश्न.

तो माझ्यापुढे आला भाच्यामुळे. त्याच्या वडिलांची अर्जुनी मोरगाव तालुक्यात धानाची शेती आहे आणि तो शिकायला आमच्याकडे गोंदियाला राहतो. दहावीला चांगले गुण मिळाले तर हवे ते घेऊन देईन, असे मी त्याला सांगितले होते. गुण मिळाले. त्याने वहीच्या कागदावर नाव आणि किंमत लिहून दिली: प्लेस्टेशन पोर्टल, १८,९९० रुपये. मी वरिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, परंतु तासिका तत्त्वावर. ज्यांना ही व्यवस्था ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. ज्यांना नाही त्यांच्यासाठी एवढेच, की वर्गात उभे राहिलेल्या तासांचेच पैसे मिळतात, सुट्यांचे मिळत नाहीत, आणि मिळतात तेही सवडीने. अशा माणसाने कागदावरची रक्कम वाचली की तिचे तासांत रूपांतर आपोआप होते. म्हणून शब्द पाळायचा हे नक्की असले, तरी वस्तू समजून घेतल्याशिवाय पाळायचा नाही, असे मी ठरवले.

क्लाउड गेमिंगची कल्पना तशी सोपी आहे. खेळ आपल्या हातातल्या यंत्रात चालतच नाही. तो कुठल्यातरी दूरच्या शहरात, शेकडो संगणक मांडून ठेवलेल्या थंडगार इमारतीत चालतो. आपल्याकडे येते ते फक्त त्याचे चित्र आणि आवाज. आपल्याकडून जाते ती बटण दाबल्याची वार्ता. चित्रपट जसा दूरवरून प्रवाहासारखा येतो तसाच हा खेळ येतो. फरक इतकाच की चित्रपट प्रेक्षकाची वाट पाहत नाही, खेळ पाहतो. या तंत्राचे मूळ आश्वासन मोठे लोकशाहीवादी होते. महागडा संगणक नको, महागडी पेटी नको. साधा पडदा आणि इंटरनेटची बरी लाइन असली की गोंदियातल्या मुलालाही मुंबईतल्या मुलाचा खेळ खेळता येईल.

आणि इथेच पहिली विसंगती दिसते. यंत्र नको हेच ज्या सेवेचे आश्वासन, तिच्यासाठी स्वतंत्र यंत्र कशाला? लॉजिटेक कंपनीने २०२२ च्या सप्टेंबरात ‘जी क्लाउड’ नावाचे असे हातातले यंत्र जाहीर केले, किंमत ३४९.९९ डॉलर. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेले ‘स्टीम डेक’ हे यंत्र ३९९ डॉलरपासून मिळत होते, आणि ते खेळ स्वतःच्या पोटात ठेवून स्वतः चालवते. म्हणजे पन्नास डॉलरच्या फरकाने एकीकडे नुसता पडदा आणि दुसरीकडे आख्खा संगणक, असा तो हिशेब होता. भाच्याने मागितलेले पोर्टल तर आणखी निराळे. ते भारतात सप्टेंबर २०२४ मध्ये आले, तेव्हा त्याचा मुख्य उपयोग घरातल्या प्लेस्टेशन ५ या पेटीवरचा खेळ हातातल्या पडद्यावर आणण्याचा होता. ती पेटी २०२१ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा डिस्कवाल्या नमुन्याची किंमत ४९,९९० रुपये होती. पोर्टलवर थेट क्लाउडमधून खेळण्याची सोय सोनीने पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात दिली, पण ती सर्वांत वरच्या ज्या वर्गणीत होती ती वर्गणी तेव्हा भारतात मिळत नव्हती. थोडक्यात, ज्याच्या घरी गाय आहे त्याच्यासाठीच ही चरवी होती.

दुसरी गोष्ट अंतराची. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे उमटायची तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे सतरा मिलिसेकंद येतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. गोंदियापासून मुंबई रेल्वेने हजार किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे खेळाचा संगणक मुंबईत आहे असे धरले, तर सर्व काही आदर्श असतानाही बटणाची वार्ता जाऊन चित्र परत येईपर्यंत दहा मिलिसेकंद निव्वळ प्रवासात जातात. वाटेतली ठाणी, चित्र दाबून पाठवणे, इकडे ते उलगडणे, हा वेळ वेगळाच. खेळणाऱ्याच्या अंगठ्याला हे सारे जाणवते. हा दोष कोणा कंपनीचा नाही, भूगोलाचा आहे.

तिसरा हिशेब डेटाचा. चांगल्या चित्रासाठी सेकंदाला १५ मेगाबिटांचा वेग लागतो असे धरले, तर तासाला पावणेसात जीबी खर्ची पडतात. खेड्यातल्या मुलांकडे बहुधा रोजच्या दीड-दोन जीबीचे प्रीपेड रिचार्ज असते. दोन जीबी अठरा मिनिटांत संपतील. भाचा सुटीत गावी गेला की त्याचे हे एकनिष्ठ यंत्र दिवसाला अठरा मिनिटे एकनिष्ठ राहील, आणि उरलेला वेळ पायलीसारखे कोपऱ्यात बसेल.

एवढे झाल्यावर नकार देणे सोपे होते. पण मुलाने जे कारण सांगितले, ते माझ्या हिशेबात कुठेच बसत नव्हते. तो म्हणाला, “मामा, फोनवर खेळलं का खेळल्यासारखं वाटतच नाही. मधीच शाळेच्या ग्रुपवर काही येते, मधीच घरून फोन येते. त्याच्यात दुसरं काहीच येत नाही, म्हणून पाहिजे.” या वाक्यावर मी बराच विचार केला. मी स्वतः दोन-तीन वर्षे पुस्तके वाचण्याचे स्वतंत्र यंत्र वापरतो. तीच पुस्तके फोनवरही वाचता येतात. तरी ते यंत्र मला हवेसे वाटते, ते नेमक्या याच कारणासाठी. त्यात दुसरे काही येत नाही. अवधान ही दुर्मीळ वस्तू झाल्यामुळे अवधानासाठी पैसे मोजणे मला गैर वाटत नाही. मग माझे वाचन ते अवधान आणि त्याचा खेळ तो चाळा, असा भेद कोणत्या तोंडाने करावा? साहित्याचा माणूस खेळाला सहज हलके लेखतो. परंतु तासभर एका कल्पित जगाचे नियम मानून त्यात वावरणे, हार पत्करून पुन्हा आरंभापासून उभे राहणे, हे कादंबरीच्या वाचकाला अगदीच अनोळखी नसावे.

तेव्हा मुलाची मागणी खरी होती. तपासायची होती ती यंत्राची निष्ठा. एकनिष्ठ खरे, पण कोणाशी? अडकित्त्याची निष्ठा सुपारीशी असते आणि सुपारी आपल्या हातात असते. माझ्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, मंडईच्या जत्रेत ब्रिक गेम मिळायचे. वरून पडणारे तुकडे जुळवण्याचा हा खेळ अलेक्सी पाझित्नोव्ह याने १९८४ मध्ये मॉस्कोत तयार केला आणि १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’बरोबर तो जगभर गेला, हे आम्हाला फार उशिरा कळले. जत्रेतली ती स्वस्त नक्कल होती. पण पेन्सिल सेल घातले की ती चालायची. मॉस्कोत काहीही होवो, कंपनी राहो वा बुडो, खेळ आमच्या मुठीत होता.

क्लाउडच्या यंत्राची निष्ठा दूरच्या टोकाशी असते. ते टोक बंद झाले तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झालेली ‘ऑनलाइव्ह’ ही सेवा एप्रिल २०१५ मध्ये बंद पडली आणि तिच्यासाठी विकलेली छोटी पेटी घरोघरी निरुपयोगी झाली. लॉजिटेकचे यंत्र जाहीर झाले त्याच्या पुढच्याच आठवड्यात गूगलने आपली ‘स्टेडिया’ ही क्लाउड सेवा गुंडाळत असल्याचे सांगितले. १८ जानेवारी २०२३ रोजी ती थांबली. गूगलने यंत्रांचे आणि खेळांचे पैसे परत केले, हे नमूद करायला हवे. शिवाय स्टेडियाच्या कंट्रोलरचे ब्लूटूथ खुले करून दिले, म्हणून तो कंट्रोलर इतर यंत्रांना जोडून वापरता येऊ लागला. मला हा तपशील अर्थपूर्ण वाटतो. त्या वस्तूला पुढचे आयुष्य मिळाले ते तिची एकनिष्ठा मोडल्यामुळे. पुस्तकांचे यंत्रही या बाबतीत निष्पाप नाही. २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून ग्राहकांच्या किंडलवरून काही विकलेली पुस्तके परस्पर काढून घेतली होती, आणि त्यांत नेमके ऑर्वेलचे ‘१९८४’ होते. तरीही एकदा उतरवून घेतलेले पुस्तक लाइन नसताना वाचता येते, हा फरक उरतोच.

यावर कोणी म्हणेल, न टिकणाऱ्या गोष्टीसाठी पैसे मोजूच नयेत काय? आम्हा झाडीपट्टीतल्या लोकांना तरी असे म्हणता येणार नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, धानाचे पैसे हाती येऊ लागतात आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्रभर चालणारे नाटक पाहायला लोक थंडीत घोंगडी पांघरून बसतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचे नाव इतरत्र पोचले. इथे ते घरोघर होतेच. सकाळी मंडप रिकामा असतो, हातात काहीही उरलेले नसते, आणि तिकिटाचे पैसे वाया गेले असे कोणालाही वाटत नाही. प्रयोग संपतो म्हणून तो कमी मोलाचा ठरत नाही. मात्र आपण तिकीट काढतो. खुर्ची विकत घेत नाही. एकाच मंडळीच्या मंडपात चालेल अशी खुर्ची कोणी विकायला आणली, आणि मंडळी पुढच्या वर्षी येईल की नाही हे सांगायला तयार नसेल, तर गावातला अडाणी म्हणवला जाणारा माणूसही ती घेणार नाही. क्लाउडची महिन्याची वर्गणी हे तिकीट आहे. हातातले स्वतंत्र यंत्र ही खुर्ची आहे.

म्हणून आम्ही आधी तिकीट काढले. मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात अधिकृतपणे सुरू झाली, आणि ती फोनवरही चालते. अशाच एका सेवेची महिन्याची वर्गणी आणि फोनला अडकवायचा साधा कंट्रोलर, दोन्ही तीन हजारांच्या आत आले. घरातला जुना फोन सिमकार्ड काढून त्याच कामाला ठेवला. आता त्याच्यावर कोणाचा निरोप येत नाही. भाच्याने महिनाभर वहीत नोंदी केल्या: कोणत्या संध्याकाळी खेळ नीट चालला, कोणत्या संध्याकाळी चित्र फाटले, केव्हा वीज गेली. रात्री दहानंतर सगळे सुरळीत असते, सहा ते नऊ नसते, आणि वादळवारा सुटला की काहीच नसते, असा निष्कर्ष त्याने स्वतः काढला. रात्री दहानंतर मात्र आमच्या घरात अकरावीचा अभ्यास असतो. “सध्या नको,” असे तोच म्हणाला. उरलेली रक्कम त्याची आहे आणि ती त्याच्याच नावाने बाजूला ठेवली आहे.

याचा अर्थ ही यंत्रे कोणालाच घेण्याजोगी नाहीत असा नव्हे. ज्याच्या घरात पेटी आहे, भक्कम वायफाय आहे, आणि एकुलत्या टीव्हीवर संध्याकाळभर मालिका चालतात, त्याला पोर्टलचे मोल पहिल्याच आठवड्यात कळेल. हातात नीट बसणारी बटणे आणि मोठा पडदा हे सुख खोटे नाही. पण ज्याच्याजवळ यातले काही नाही आणि क्लाउडमुळेच आपल्याला दार उघडेल अशी ज्याची आशा आहे, त्याच्यासाठी हे यंत्र सर्वांत महाग पडते. आश्वासन गरिबाला आणि सोय सधनाला, हा आपल्याकडचा जुनाच क्रम इथेही मोडलेला नाही.

असो. तासांवर जगणारा माणूस कायमस्वरूपी गोष्टींविषयी जरा जास्तच हळवा असतो, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण एखादी वस्तू घेण्यापूर्वी ती काय करते एवढे विचारून भागत नाही. दुसऱ्या टोकाचा माणूस उठून गेल्यावर ती काय करील, हेही विचारले पाहिजे.