सायकल थांबते तिथून पुढचा इतिहास

१/ मोहर्लीच्या शिवारातील मुरमाच्या पांदणीने मी सायकलवरून हिंडलो. व्याघ्र प्रकल्पाच्या फाटकापाशी मात्र उतरावे लागते. आत ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गोंडकालीन दगडी खांब रांगेने उभे आहेत.

२/ त्यांतून दोर ओवून, घंटा वाजवून राजाच्या आगमनाची वर्दी दिली जाई, असे सांगतात. ही लोकस्मृती होय.

३/ १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे बोटेझरीसारखी गावे जंगलाबाहेर वसवली गेली.

४/ वाघाला ही निवांतता हवीच. पण लोकस्मृती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडी जगते. म्हणून जिप्सीतून जाताना वाघाइतकेच खांबांविषयीही गाइडला विचारा.