‘ती घरीच असते’

इंदापूर तालुक्याचे मोजणीशी नाते जुने आहे. मुंबई इलाख्यातील जमीन महसुलाची नवी पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास येथूनच सुरू केली. शेतांच्या हद्दी ठरल्या, मातीची प्रतवारी झाली, पडीक जमिनीचीही नोंद झाली. माणसाच्या रिकाम्या दिवसांची नोंद होण्यास मात्र पुढे शतकाहून अधिक काळ जावा लागला.

राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली. दांतवाला समितीच्या अहवालानंतर १९७२-७३ मध्ये, म्हणजे आपल्याकडील भीषण दुष्काळातच, रोजगाराची मोठी पाहणी झाली. तीत एकच प्रश्न तीन प्रकारे विचारला गेला : वर्षभर काय केले, गेल्या आठवड्यात काय केले, आणि त्या आठवड्यातील प्रत्येक दिवशी काय केले? हा भेद किरकोळ नाही. बारामतीच्या जिरायत भागातील मजूर हिवाळ्यात ऊसतोडीला जातो आणि वैशाखात कामाविना बसतो. वर्षाच्या हिशेबात तो ‘कामावर’ ठरतो. आठवड्याच्या हिशेबात एक तासाचे कामही पुरते. त्याचे रिकामे दिवस सापडतात ते दिवसांच्या, किंबहुना अर्ध्या दिवसांच्या, मोजणीतच.

एकाच घरी पुन्हा पुन्हा जाण्याचे मोलही आम्हांस येथे जाणवते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर गावी ‘इक्रिसॅट’ या कृषी संशोधन संस्थेने १९७५ पासून चाळीस कुटुंबांची पाहणी आरंभिली. पाहणी करणारे गावातच राहत आणि दर तीन-चार आठवड्यांनी विचारीत : गेल्या भेटीनंतर किती दिवस मजुरी मिळाली, किती दिवस हवी असूनही मिळाली नाही? महिन्याभरातील दिवस माणसाला आठवतात. वर्षाचे दिवस एकमेकांत मिसळून जातात.

तरीही एक रकाना आम्हांस सलतो. आमची आई पहाटे म्हशीची धार काढी, मग पाणी आणि सरपण आणण्यास जाई. मोजणीदार आला की वडील ओट्यावरूनच सांगत, ‘ती घरीच असते.’ वस्तुतः पाहणीच्या नियमांप्रमाणे घरची दुभती जनावरे सांभाळणे हे काम आहे. सरपण मात्र घरकामाच्या रकान्यात जाते. उत्तर असे दिले गेल्यावर म्हैसही त्याच रकान्यात गेली. २०१९ च्या देशव्यापी वेळवापर पाहणीने चोवीस तासांचा हिशेब विचारला, तेव्हा बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले.

या आकड्यांवरच कोठे कामे काढावीत आणि कोणास बेकार म्हणावे याचा विचार होतो. म्हणून वाचकांना आमची विनंती एवढीच : पाहणी करणारा दारी आला तर त्याला बसावयास सांगावे, आणि जिचा दिवस आहे तिलाच तो सांगू द्यावा.